अडीच आटे

बाईंच्या टर्नटेबलच्या आर्मवर, अगदी हेडशेलच्या माथ्यावर, चार आण्याचं नाणं सेलोटेपने चिकटवलेलं होतं. ते बघून मी हसलो नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या ज्या दुकानात मी सोल्डरिंग शिकलो, तिथे आम्हीच गिऱ्हाइकांना हा उपाय सांगायचो. सुई उडते? चार आणे ठेवा. तरी उडते? आठ आणे ठेवा. तेव्हाच्या पोर्टेबल प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असायची. पाच-सहा ग्रॅम दाब घेऊन ती नांगरासारखी खोबणीतून जायची. तिथे अडीच ग्रॅमच्या नाण्याने काय व्हायचं होतं! रेकॉर्ड झिजायची, पण सावकाश, आणि झिजेबद्दल भांडायला कोणी परत येत नसे.

बाईंचं यंत्र मात्र त्या जातीचं नव्हतं. टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके-२. त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते, त्यांनी १९८१ साली जपानहून आणलेलं. बारा किलोचं धूड, थेट मोटरवर फिरणारी थाळी. त्यावर पुढे कधीतरी त्यांनी शुअर कंपनीची व्ही-१५ टाइप ४ ही कार्ट्रिज बसवली होती. ही कार्ट्रिज फार तर सव्वा ग्रॅम दाबाची. तिच्या डोक्यावर अडीच ग्रॅमचं नाणं म्हणजे सतार वाजवणाऱ्या बोटात अडकित्ता देण्यातला प्रकार.

"नाणं कोणी लावलं?" मी विचारलं.

"खालच्या मजल्यावरच्या जोशांनी. त्यांच्या वडिलांच्या फोनोला चालायचं म्हणे."

बाई सत्तरी ओलांडलेल्या. गाणं शिकवायच्या. दादरच्या त्या दोन खोल्यांत तंबोरा भिंतीला टेकून उभा आणि जमिनीवर सतरंजी. त्यांची तक्रार एकाच रेकॉर्डची होती. किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी. यजमान गेल्यावर सगळ्या रेकॉर्डी माळ्यावर गेल्या होत्या, आणि माळा पत्र्याखाली. दोन उन्हाळ्यांत त्यांतल्या निम्म्या वाकल्या. भूपाच्या बाजूला सुरुवातीलाच तीन उंचवटे होते. थाळीच्या कडेशी डोळा लावून पाहिलं तर रेकॉर्ड लाटेसारखी वर-खाली होताना दिसायची. सुई त्यातल्या एका लाटेवर हमखास उडायची. उडाली नाही तर आणखी विचित्र काहीतरी व्हायचं. आवाज साधाच चालू असायचा, पण स्पीकरचे मोठे पडदे धापा टाकल्यासारखे आत-बाहेर व्हायचे.

नाणं काढलं. ताणकाट्यावर दाब बघून सव्वा ग्रॅमच्या जरासा आत ठेवला. सुई पुन्हा उडाली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. जोशांचा उपाय निदान चालत तरी होता, असं त्या नजरेत होतं.

हा प्रकार समजावून सांगताना मी नेहमी स्कूटर काढतो. स्कूटरला स्प्रिंग असते आणि शॉकअप असतो. शॉकअप गेलेली स्कूटर खड्ड्यातून काढली की खड्डा मागे पडतो, पण स्कूटर पुढे पन्नास फूट डुलत राहते. स्प्रिंगला धक्का विसरता येत नाही. विसरायला लावतं ते शॉकअपमधलं तेल. टर्नटेबलच्या आर्ममध्ये हीच स्प्रिंग आहे, फक्त ती दिसत नाही. सुईची बारीक काडी कार्ट्रिजच्या आत रबराच्या इवल्याशा चकतीवर टेकलेली असते. रबर ही स्प्रिंग आणि त्यावर लोंबणारा आर्म हे वजन. वजन आणि स्प्रिंग एकत्र आली की त्यांचा एक लाडका झोका ठरतो. त्या तालात कोणी ढकललं तर झोका वाढतच जातो. बागेतल्या झोपाळ्यावरच्या पोराला आई नेमक्या वेळी हलका हात लावते आणि तो उंच जातो, तसा.

हा ताल काढायचं गणित सोपं आहे. सुईच्या टोकाला जाणवणारं आर्मचं वजन, त्यात कार्ट्रिजचं आणि स्क्रूंचं वजन, ही ग्रॅममधली बेरीज. तिला कार्ट्रिजच्या मऊपणाच्या आकड्याने, म्हणजे कंप्लायन्सने, गुणायचं. गुणाकाराचं वर्गमूळ काढायचं आणि १५९ ला त्याने भागायचं. उत्तर येतं ते हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती झोके. हे उत्तर ८ ते १२ च्या मध्ये पडलं की कारागीर शांत झोपतो. कारण गाण्यातला सगळ्यात खर्जाचा आवाज २० च्या आसपास सुरू होतो, तो वरच्या बाजूला राहतो. आणि एलपी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे सेकंदाला अर्ध्याहून थोडा जास्त फेरा. एका फेऱ्यात दोन-चार उंचवटे आणि त्यांच्या खडबडीत कडा धरल्या तरी वाकड्या रेकॉर्डीचे धक्के साधारण पाच-सहा हर्ट्झच्या खालीच राहतात. मधली ही मोकळी पट्टी म्हणजे आर्मची जागा.

बाईंच्या यंत्राचा हिशेब मी त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर केला. आर्म हेडशेलसकट १२ ग्रॅम, कार्ट्रिज आणि स्क्रू साडेसहा. साडेअठरा. मऊपणा ३० धरला. उत्तर आलं पावणेसात. वाकलेल्या रेकॉर्डीच्या अंगणात आर्म जाऊन बसलेला. जोशांचं नाणं धरून हिशेब केला तर सहाच्या जरा वर. म्हणजे नाण्याने झोका आणखी खाली, धक्क्यांच्या आणखी जवळ नेला होता. सुई उडायची थांबली ती दाबाखाली चिरडून, बरी होऊन नव्हे.

पण मग एक गोष्ट जुळेना. यजमानांच्या हातून ही कार्ट्रिज कित्येक वर्षं नीट चालली होती, असं बाई म्हणत होत्या. मी सुई भिंगाखाली धरली. सुई मूळची नव्हती.

"बाई, आधीच्या सुईला पुढे एक छोटा ब्रश होता का?"

"होता. काळा, बारीक. मोलकरणीच्या फडक्यात अडकून तुटला. मग पुतण्याने ही नवी आणली. मला वाटायचं, तो ब्रश केर काढायला असतो."

केर तो काढायचाच. पण त्या ब्रशचं खरं काम वेगळं होतं. शुअरने १९७८ साली टाइप ४ काढली तेव्हा सुईच्या पुढे कार्बनच्या तंतूंचा तो ब्रश बिजागरीवर बसवला, आणि बिजागरीत घट्ट, चिकट द्रव भरला. ब्रश रेकॉर्डीवर टेकून चालायचा आणि आर्म डुलायला लागला की त्या द्रवाने त्याला धरायचा. अर्धा ग्रॅम भार ब्रश स्वतःच्या अंगावर घ्यायचा, म्हणून दाब लावताना अर्धा ग्रॅम जास्त लावा, अशी सूचनाही होती. कंपनीने शॉकअप सुईच्या नाकावरच दिला होता. नवी सुई दुसऱ्याच कोणा उत्पादकाची, ब्रशविना. शॉकअप काढून टाकलेली स्कूटर घेऊन आम्ही खड्ड्याला दोष देत होतो.

सरळ इलाज एकच होता. कार्ट्रिज बदलायची. जरा ताठ स्प्रिंगची घ्यायची, की झोका आपोआप वर सरकतो. मी तसं सांगितलं.

"ही बदलायची नाही," बाई म्हणाल्या. "दुसरं काय ते बघा."

दुसरं म्हणजे तेल.

आर्मला तेलात बुडवून शांत करायची युक्ती जुनी आहे आणि लोकांनी ती हरतऱ्हेने करून पाहिली आहे. इंग्लंडच्या एसएमई कंपनीने आर्मला जोडता येणारी सिलिकॉन तेलाची कुंडी आणि तिच्यात बुडणारी लहान-मोठी पाती विकली. तिथल्याच क्रॅनफिल्डच्या तंत्रसंस्थेत सत्तरच्या दशकात कुंडी पिव्हटपासून, म्हणजे आर्मच्या बिजागरीपासून, उचलून थेट हेडशेलच्या बाजूला आणली गेली आणि त्यातून रॉक नावाचं टर्नटेबल झालं. अमेरिकेत वेल टेम्पर्ड या नावाच्या आर्मने तर बेअरिंगच काढून टाकलं. त्याच्या पुढच्या एका अवतारात दोऱ्याला टांगलेला गोल्फचा चेंडू तेलात बुडवून त्यालाच आर्म जोडला आहे. कुंडी पुढे असली की थोडं पातळ तेलही पुरतं. पिव्हटजवळ असली तर घट्ट तेल लागतं. दार कडीपाशी धरून थांबवणं आणि बिजागरीपाशी धरून थांबवणं यातला हा फरक आहे.

माझ्या पदरी याआधीचा एक फसलेला प्रयोग होता. तरुणपणी एका गिऱ्हाइकाच्या आर्मला मी गाडीचं गिअर ऑइल वापरून बघितलं. हिवाळ्यात ते ठीक चाललं. मे महिन्यात पातळ झालं, आर्म पुन्हा डुलायला लागला, आणि गिऱ्हाइकाला वाटलं की मीच यंत्र बिघडवलं. वाटणं चुकीचं नव्हतं. सिलिकॉन तेलाचा मोठा गुण हा की उन्हाळ्या-हिवाळ्याने त्याचा घट्टपणा फारसा बदलत नाही. अवगुण हा की ते चढतं. कुंडीच्या काठावरून पातळ पडद्यासारखं बाहेर येतं, आणि एकदा लाकडाला लागलं की त्या जागी पुन्हा पॉलिश धरत नाही. स्पिरिटने निघत नाही. ते पुसायला पेट्रोलच लागतं.

तेल मला सापडलं ते अनपेक्षित ठिकाणी. माझा भाचा रिमोटच्या मोटारी पळवतो. त्या मोटारींच्या डिफरन्शियलमध्ये सिलिकॉन तेल भरतात आणि छोट्या बाटल्यांवर घट्टपणाचा आकडा छापलेला असतो. पाण्याचा घट्टपणा १ सेंटीस्टोक धरला तर या बाटल्या दहा हजारांपासून पाच लाखांपर्यंत. मी एक लाखाची बाटली घेतली. उलटी केली तर थेंब खाली यायला इतका वेळ लागतो की मधे एक फोन करून घ्यावा.

पितळी पत्र्याची एक पन्हळ केली, पिव्हटभोवतीच्या वर्तुळाच्या कमानीत वाकवलेली, आर्मचा पूर्ण प्रवास आत मावेल इतकी. आर्मच्या नळीला पिव्हटपासून तीन सेंटीमीटरवर एक हलकी पट्टी. पट्टीतून खाली उतरणारा एम-३ स्क्रू आणि त्याच्या टोकाला गोल चकती. चकती गोलच हवी. सपाट पातं असतं तर स्क्रू फिरवताना त्याचं तोंड फिरलं असतं आणि आर्मला होणारा अडथळा दर पाव फेऱ्याला बदलला असता. एम-३ चा एक आटा म्हणजे अर्धा मिलिमीटर. चकती तेलाला नुसती टेकली तो शून्य. तिथून खाली किती उतरायचं, ते आटे मोजत ठरवायचं.

तेल ओतण्याआधी आर्मचं तोलणं पुरं करून घ्यावं लागतं. नंतर नाही. एकदा चकती तेलात गेली की आर्म सोडलेल्या जागीच आळसावून बसतो आणि तोल बरोबर असल्याचं सोंग करतो. मी घाईत एकदा उलट क्रम केला आहे, आणि एक पूर्ण संध्याकाळ अर्ध्या ग्रॅमच्या चुकीशी भांडण्यात घालवली आहे. पन्हळीची पातळीही बघावी लागते. कारण पन्हळ जरा कलली तर तेल एका बाजूला जमतं आणि आर्म बाहेरून आत येताना वाटेत त्याची पकड बदलत जाते.

चाचणीची रेकॉर्ड लावली. हाय-फाय न्यूज या इंग्रजी मासिकाने काढलेली. तिच्यात आर्मचा झोका शोधायला आवाजाची एक शिडी आहे, २० हर्ट्झच्या वरून पाच-सहापर्यंत उतरत जाणारी. तेलाशिवाय वाजवली तेव्हा सातच्या पायरीवर हेडशेल डोळ्यांना दिसेल इतकं थरथरलं आणि ऑसिलोस्कोपवर डोंगर उभा राहिला. एक आटा उतरवला, डोंगर बुटका झाला. दोन, आणखी बुटका. चार आटे, टेकाड. आठ आट्यांना पडद्यावर जवळजवळ मैदान. भूपाची रेकॉर्ड लावली. तिन्ही उंचवट्यांवरून सुई उतरली, स्पीकरचे पडदे निश्चल. एका दुपारी एवढं जमल्याचा मला मनापासून अभिमान वाटला. चहाही मी मागून घेतला.

बाईंनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं.

"गाणं आहे," त्या म्हणाल्या. "तंबोऱ्याची जवारी बंद झाली."

मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. उठून भिंतीजवळचा तंबोरा घेतला, मांडी घालून बसल्या आणि जोडीची तार छेडली. मग घोडीवर तारेखाली असलेलं सूत नखाने किंचित पुढे सरकवलं. तार आंधळी झाली. आवाज होता, पण मागचं ते गुंजन नव्हतं. सूत परत मागे, अगदी केसभर. तार उघडली आणि खोली भरली. आणखी केसभर, आणि तार खरखरली.

"सूत नसेल तर तार उघडत नाही," त्या म्हणाल्या. "जास्त पुढे गेलं तर मरते. तुमच्या तेलाचं असंच असेल की नाही?"

असंच होतं. मी ते पुस्तकात वाचलेलं होतं, पण हाताला कधी लागलं नव्हतं. तेलाचा विरोध वेगाला असतो. एलपीच्या एका बाजूला आर्म वीस मिनिटांत बाहेरून आत जेमतेम साडेआठ सेंटीमीटर सरकतो, मिनिटाला चार मिलिमीटरच्या आसपास. तेवढं तेलाला जाणवतही नाही. पण उंचवट्यावर सुईला भराभर वर चढायचं असतं, आणि आठ आटे तेलात रुतलेला आर्म म्हणतो, मी माझ्या वेळेने येईन. मग चढ चढते ती एकटी सुई. तिची काडी दबते, उताराला पुन्हा सुटते, आणि खोबणीवरचा दाब दर लाटेला कमी-जास्त होत राहतो. स्पीकरचे पडदे शांत दिसतात, कारण मोठा झोका मेलेला असतो. सुईच्या टोकावर मात्र अजून झटापट चालूच असते. तिथेच, बारीक स्वरांच्या आघाडीवर, तंबोऱ्याची जवारी राहते. भोक किंचित बाजूला पडलेली रेकॉर्ड असली तर हीच झटापट डावी-उजवीकडे होते. माझ्या चाचणीच्या शिडीला हे दिसत नव्हतं. ती एकच प्रश्न विचारत होती, आणि मी एकाच प्रश्नाचं उत्तर पूर्ण शंभर मार्कांनी दिलं होतं.

मग आम्ही उलट्या दिशेने निघालो. बाई यंत्राकडे पाठ करून बसल्या, मी स्क्रू वर घेत गेलो. सात. सहा. पाच. त्या काही बोलल्या नाहीत. चारला म्हणाल्या, "आता कुठे जरा." तीनला गप्प. अडीचला हात वर केला. मी कारागिराच्या हट्टाने दोनपर्यंत गेलो. पहिल्या उंचवट्यावर पडदे हलले, सुई उडाली नाही, पण बाईंनी मान हलवली. पुन्हा अडीच. पडद्यावर टेकाड स्पष्ट उभं होतं, आधीच्या डोंगराच्या निम्म्याहून कमी, पण होतं. मी एकटा असतो तर ते टेकाड बघून मला झोप आली नसती.

टॉर्च धरून बाजूने सुई पाहिली. उंचवट्यावर रेकॉर्ड वर आली की कार्ट्रिजचं पोट तिच्याबरोबर वर येत होतं, मधली फट जवळजवळ तेवढीच राहत होती. आठ आट्यांना हीच फट प्रत्येक लाटेला मिटत-उघडत होती, आणि मी तिच्याकडे एकदाही वाकून बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी आधी टॉर्च काढतो, मग ऑसिलोस्कोप.

बिलावर मी लिहिलं: पन्हळ, चकती, तेल, मजुरी. बाईंनी पैसे मोजून दिले आणि वर चार आण्याचं ते नाणंही दिलं. म्हणाल्या, तुमच्या कामाला येईल.

सहा वर्षांनी त्यांच्या एका शिष्येचा फोन आला. बाईंनी यंत्र आता तिच्याकडे दिलं होतं. ती पुण्याला राहत होती. जुन्या कार्ट्रिजचं रबर शेवटी गेलं आणि तिने नवी कार्ट्रिज बसवून घेतली होती, वजनाला तेवढीच पण बरीच ताठ. "आवाज दाबल्यासारखा येतो," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, तुम्हाला विचार. स्क्रू कुठे ठेवायचा ते तुम्हाला माहीत आहे."

मी पुण्याला गेलो. कार्ट्रिजच्या कागदावर मऊपणाचा आकडा १५ होता. हिशेब मनातल्या मनातच झाला. मऊपणा निम्मा झाला की झोका दीडपटीहून थोडा कमी, म्हणजे पावणेसातचा साडेनऊ. नेमका मोकळ्या पट्टीच्या मध्यावर. अडीच आटे हा त्या यंत्राचा आकडा कधी नव्हताच. तो एका मऊ सुईचा, एका वाकड्या रेकॉर्डीचा आणि बाईंच्या कानाचा मिळून झालेला तह होता, आणि त्यातली सुई आता बदलली होती.

मी स्क्रू वर घेतला. चकती तेलातून निघाली, पट्टी सोडवली, पन्हळ काढली आणि तेल पेट्रोलच्या फडक्याने निपटून पुसलं. भूपाची रेकॉर्ड लावली. पहिला उंचवटा, दुसरा, तिसरा. सुई जागेवर. तंबोरा उघडा.

"काय केलंत?" शिष्येने विचारलं.

माझ्या हातात पितळी पन्हळ होती, एका दुपारच्या कष्टांची, काठाशी अजून तेलाने चकचकणारी. मी ती पिशवीत टाकली आणि बिलबुक काढलं. त्यावर दोनच शब्द लिहिले: तेल काढले.